पालक सभा सोमवारी ११ वाजता: आपल्याकडून चार नावं?

(सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा, नावांऐवजी फ्लॅट नंबर.)

ए-१०४: सोमवारी सकाळी ११ वाजता जिल्हा परिषद शाळेत पालक सभा आहे. शाळा व्यवस्थापन समितीची दोन वर्षं संपली, नवी निवडायचीय. आपल्या बिल्डिंगमधून चार नावं देऊया, म्हणजे सेमी इंग्रजीचा ठराव एका बैठकीत होईल. कोण कोण तयार?

सी-२०१: माझं घ्या.

बी-३०२ (निवृत्त केंद्रप्रमुख): चार कुठल्या हिशेबाने? समिती १२ ते १६ जणांची असते. १२ धरली तर पालक ९. उरलेल्या तिघांत एक ग्रामपंचायत सदस्य, एक शिक्षक, एक स्थानिक शिक्षणतज्ज्ञ. मुख्याध्यापक पदसिद्ध सचिव, ते या बारांत मोजत नाहीत. शाळेचा पट ८४, त्यात आपली मुलं १७. नवातल्या जेमतेम दोन जागा आपल्या वाट्याला येतात. दोन नावं द्या, आणि त्यातलं एक बाईचं असू द्या.

ए-१०४: काका, हिशेब बरोबर आहे. पण बंदरावरचे पालक सभेला येतच नाहीत, त्याला आपण काय करणार?

बी-३०२: सोमवारी ११ ला येणार कसे? मासे विकणाऱ्या बायका तेव्हा बाजारात टोपली मांडून बसलेल्या असतात. गवंड्याच्या हाताखाली जाणाऱ्याला सभा म्हणजे एक खाडा. आणि सूचना गेली व्हॉट्सॲपवर. ज्या घरात एकच मोबाईल आहे, तो १ ऑगस्टपासून खलाशाबरोबर बोटीवर. घरी निरोप पोचणार कधी? हीच सभा १५ जूननंतर, लावणी सुरू व्हायच्या आत घेतली असती तर गोष्ट वेगळी होती. ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, माणसं घरी असतात.

बी-००३ (बचत गटाचं काम): आताही जमेल. आमच्या गटाच्या बैठका रात्री ८ ला देवळाच्या मंडपात होतात, चाळीसेक बायका असतात. सभा शाळेतच हवी असेल तर रविवारी संध्याकाळी ५ ला ठेवा. सूचना कागदावर काढून प्रत्येक मुलाच्या वहीत चिकटवा आणि खाली पालकाची सही किंवा अंगठा मागवा. दुसऱ्या दिवशी वह्या तपासल्या की कुणापर्यंत पोचली नाही ते कळतं. त्या घरी एकाने जायचं. ज्या मुलांचे आईबाप मुंबईला आहेत तिथे आजीला सांगा. शिक्षण हक्क कायद्यात ‘माता-पिता किंवा पालक’ असं आहे, आजी सदस्य होऊ शकते.

डी-४०२: बायका निम्म्या हव्यात ना? त्या असतातच की. बैठकीला यजमान येतात हे वेगळं.

बी-३०२: वहिनी, तेच मोडायचंय. निम्म्या म्हणजे १२ त ६. आणि वंचित, दुर्बल घटकांतल्या पालकांना मुलांच्या प्रमाणात जागा द्यायच्या, हे शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ मध्येच लिहिलंय. यजमान आले तर उपस्थितीत त्यांचं नाव घालू नका, बाईंचं ‘अनुपस्थित’ लिहा. दोनदा लिहिलं की तिसऱ्या महिन्याला बाई येतात. बैठक महिन्याला एक तरी व्हायलाच हवी.

खरी गडबड होते प्रोसिडिंग बुकात, म्हणजे बैठकीच्या इतिवृत्ताच्या वहीत. वही घरोघर फिरवायची, सह्या गोळा करायच्या, मजकूर मागून भरायचा आणि शेवटी ‘सर्वानुमते’. सह्या होण्याआधी ठराव मोठ्याने वाचून दाखवा. सूचक, अनुमोदक कोण ते लिहा. कुणी विरोध केला तर तोही नोंदवा. त्या पानाचा फोटो तिथल्या तिथे काढा. समितीच्या बँक खात्यासाठी अध्यक्ष आणि मुख्याध्यापक दोघांच्या सह्या लागतात, तेव्हा कोऱ्या कागदावर वा चेकवर अध्यक्षांनी सही करायची नाही. अध्यक्ष पालकच असतो, आणि लिहितावाचता कमी येणारा पालक मुद्दाम निवडला जातो तो सहीपुरताच. असो.

ए-१०४: सेमी इंग्रजीचं काय मग? आणि सोसायटी वर्गांना सहा पंखे द्यायला तयार आहे.

बी-३०२: पंखे द्या, डेड स्टॉक रजिस्टरला (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) नोंद करून घ्या. त्यावर समितीतली खुर्ची मिळत नाही.

सेमी इंग्रजी म्हणजे गणित इंग्रजीतून. शिकवणार कोण? पहिली ते पाचवी पाच वर्ग, कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे ६० पर्यंत पटाला दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन. आपल्याकडे मंजूर तीन, हजर दोन. आधी तिसरा मागा. ठरावात ‘शिक्षक द्यावा’ एवढंच लिहून भागत नाही. पट, मंजूर पदं, कार्यरत पदं, कुठल्या तारखेपासून रिक्त, हे चार आकडे घाला. गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र, प्रत शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांना, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोहोच. तोंडी सांगितलेलं कुठेच उरत नाही.

सी-२०१: उत्तरच आलं नाही तर?

बी-३०२: शिक्षण हक्क कायद्याच्याच कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे इथे जिल्हा परिषदेकडे, लेखी तक्रार. तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. त्यावर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. पत्राचं काय झालं हे विचारायला माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, मुदत ३० दिवस. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही.

पण त्याआधी ३० सप्टेंबर बघा. संच मान्यतेला, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरवायला, त्या दिवशीचा पट धरतात, आणि आधार जुळलेलीच मुलं मोजणीत येतात. ८४ पैकी २४ जणांचं जुळलं नाही तर आकडा ६० वर आला. मग तिसरं पद मागायचं कशाच्या जोरावर?

बी-००३: आणि जुळत नाही ती मुलं कुणाची? शाळेच्या जनरल रजिस्टरला (प्रवेशाच्या नोंदवहीत) एक नाव, आधारवर दुसरं. कुणाची जन्मतारीख चुकलेली. पाच वर्षं झाल्यावर बोटांचे ठसे द्यायचे असतात ते राहिलेले. बागेत राहणाऱ्या नेपाळी कुटुंबांतल्या मुलांचं अनेकदा आधारच नसतं. आधार केंद्रावर दिवस घालवायला या आईबापांना सवड नाही. पद मात्र सगळ्यांचं जातं, तुमच्या सेमीवाल्यांचंही.

डी-४०२: यादी मिळाली तर मी शनिवारी आठ-दहा मुलांना गाडीने केंद्रावर नेईन. सोबत एकेक मोठं माणूस हवं.

बी-३०२: यादी मुख्याध्यापक सरांकडे आहे, ऑनलाइन नोंदीत आधार न जुळलेली ती नावं. जन्मदाखला मूळ न्या, झेरॉक्सवर परत पाठवतात.

बी-००३: एक राहिलंच. शाळेच्या खर्चासाठी २५,००० चं संयुक्त अनुदान येतं (पट ३१ ते १०० असला तर तेवढंच), त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर. मुलींच्या मुतारीचं दार जूनपासून मोडलंय. कौलं मात्र त्यात बसणार नाहीत. आगोटीच्या, म्हणजे पावसाच्या आत मे महिन्यात कौलं परतायची तर काम शाळा विकास आराखड्यात डिसेंबरअखेर यायला हवं, शाखा अभियंत्याच्या अंदाजपत्रकासकट. ग्रामपंचायतीच्या आराखड्यात घालायचं तर २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय मांडावा लागेल.

ए-१०४: ठीक. सरांशी बोललो, सभा रविवारी ५ ला करायला त्यांची हरकत नाही. सूचना मी टाईप करतो. ८४ प्रती ना?

बी-३०२: नव्वद काढा. पाच-सहा जेटीवर आणि रेशन दुकानावर लावायच्या.

सी-२०१: माझं नाव ठेवायचं की काढायचं?

बी-३०२: ठेवा, पण ठेवायचं का ते रविवारी पालक ठरवतील. रेनकोट घेऊन या, हॉल गळतो.