स्वाइप मशीन: बिनभाड्याचं घ्यावं की कमी टक्क्याचं?

येवल्याची_सून:
नमस्कार मंडळी. येवल्यात आमचं पैठणीचं छोटं दुकान आहे, मागच्या खोलीत घरचे दोन माग. गावातलं गिऱ्हाईक क्यूआरवर पैसे देतं. पण शिर्डीहून परतणारी मंडळी थांबतात ती थेट कार्डच पुढे करतात. परवा 42 हजारांची साडी हातची गेली. मायलेकी होत्या, पदर खांद्यावर टाकून बघून झाला होता, आणि लेकीची यूपीआयची दिवसाची मर्यादा संपलेली!

आता स्वाइप मशीनची दोन कोटेशनं आलीत, टक्के म्हणजे दर विक्रीतून कापून घेणार ते. बँकेचं: भाडं महिना 450, क्रेडिट 1.6 टक्के, डेबिट 0.9, पैसे दुसऱ्या दिवशी. एका कंपनीचा पोरगा येऊन गेला, त्याचं: भाडं शून्य, सरसकट 2.1 टक्के, पैसे त्याच दिवशी. सासऱ्यांना भाडं शब्दच नको. कार्डावर महिन्याला 3 लाख होतील असा माझा अंदाज, त्यात 2 लाख क्रेडिटचे.

जमाखर्च:
ताई, तो "सरसकट" शब्दच महाग आहे. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर असली तरी डेबिटला रिझर्व्ह बँकेने 0.9 टक्क्याची कमाल मर्यादा घातलीय, 2018 पासून. उलाढाल त्याखाली असेल तर 0.4. रुपे डेबिटला 2020 पासून शून्य. मग 2.1 कशाचे? क्रेडिटला मात्र अशी मर्यादा नाही, तिथेच घासाघीस करायची.

तुमच्या आकड्यांवर बँकेचे 3200 अधिक 900 अधिक भाडं 450, म्हणजे 4550. कंपनीचे 6300. दोन्हींवर 18 टक्के जीएसटी. तुम्ही जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (छोट्या धंद्यांसाठीची ठोक कराची सोय) नसाल तर तो तुमच्या भरायच्या जीएसटीतून वळता होतो. कार्डाची विक्री महिन्याला साधारण 60 हजारांच्या खाली गेली तरच बिनभाड्याचं परवडेल. पितृपक्षात जाईलही, पण तो एकच पंधरवडा.

चपलांचा_धनी:
एवढा विचार कशाला, दोन टक्के गिऱ्हाइकाकडून घ्या की. आमच्या बाजारात सगळे घेतात.

जमाखर्च:
डेबिटवर असं घेता येत नाही, मनाई आहे. क्रेडिटवरही बँकेशी केलेला करार आधी वाचा.

कोल्हापूर_साज:
टक्क्यापेक्षा पैसे अडकल्यावर फोन कोण उचलतं ते बघा. माझं मशीन नवंकोरं, तिसऱ्याच दिवशी 85 हजारांचा व्यवहार झाला आणि कंपनीने रक्कम "तपासणीसाठी" धरून ठेवली. 11 दिवस! तोवर कारागिराला मी पदरचे दिले. चॅटवर रोज नवा माणूस, रोज "आपली तक्रार नोंदवली आहे". पैठणीच्या किमती बघता, एका वेळी मोठी रक्कम होणार हे अर्जातच लिहून द्या. आणि सिमवालं मशीन घ्या, वायफायच्या भरवशावर राहू नका.

येवल्याची_सून:
सगळ्यांचे आभार. आज बँकेत जाऊन आले. परदेशी कार्डांचा दर कोटेशनच्या मागच्या पानावर होता, 3 टक्के! अमेरिकेतल्या मुलींची लग्नाची खरेदी इथेच होते, म्हणून तो 2.75 वर आणवला. वर्षाच्या आत मशीन परत केलं तर दंड नाही, हेही लिहून घेतलं. सासरे तयार झालेत. फक्त विचारतायत, मशीनच्या पावतीवरची शाई उडते म्हणे, खरं का?

जमाखर्च:
खरंय. त्याच दिवशी झेरॉक्स काढून सहीच्या बिलाला टाचून ठेवा. उद्या कुणी "हा व्यवहार माझा नाही" म्हणून बँकेत गेलं तर तेवढंच दाखवता येईल.