कुलाबा किल्ला, रेवदंडा, कोर्लई: ओहोटी धरून दिवस कसे आखावेत?

वाटसरू_पुणे

नमस्कार. डिसेंबरात अलिबागला जायचं ठरतंय. सोबत सत्तरीचे आई-वडील आणि नऊ वर्षांची मुलगी. गाडी आपली आहे, पुण्याहून निघणार. नुसती पुळण आणि मासे एवढंच करून परत यायचं नाही. कुलाबा किल्ला, रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट आणि कोर्लई ही तिन्ही ठिकाणं नीट पाहायची आहेत.

कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं हे माहीत आहे. पौर्णिमेला ओहोटी सगळ्यात मोठी असते म्हणून पौर्णिमेचा शनिवार आणि त्याला लागून आलेला रविवार धरला आहे. हे बरोबर आहे का? तिन्ही ठिकाणांचा क्रम कसा लावावा? आई-वडिलांना कुठे जमेल, कुठे नाही? आणि किल्ल्यातल्या त्या चाकांवरच्या तोफा कान्होजी आंग्र्यांच्याच का?

---

दर्यासारंग

पौर्णिमेला पाणी सगळ्यात लांब जातं, बरोबर. पण नेमक्या कोणत्या वेळी जातं ते बघा, म्हणजे बेत का फसेल ते कळेल.

आपल्या किनाऱ्यावरचं जुनं गणित असं: तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं, भरतीची वेळ मिळते. पौर्णिमा म्हणजे १५; पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. म्हणजे दुपारी आणि रात्री सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान भरती. ओहोटी, म्हणजे किनाऱ्यावरचे लोक जिला सुकती म्हणतात ती, सहा तास पुढे-मागे. पौर्णिमेला सुकती आली पहाटे सहाला आणि संध्याकाळी सहाला. डिसेंबरात पहाटे सहाला उजाडलेलं नसतं आणि संध्याकाळी सहाला दिवस मावळतो. दिवसभर तुम्ही पुळणीवर उभे राहून पाण्याने वेढलेला किल्ला बघाल.

रविवारी प्रतिपदा: भरती पाऊण वाजता, सुकती पावणेसातला. तेव्हा जेमतेम फटफटलेलं असतं. द्वितीयेला साडेसात, तृतीयेला सव्वाआठ, चतुर्थीला नऊ, पंचमीला पावणेदहा. किल्ल्यासाठी वद्य किंवा शुद्ध द्वितीया ते पंचमी हे दिवस सगळ्यात चांगले. सुकती सकाळच्या उजेडात येते, ऊन चढलेलं नसतं आणि उधाणाचा, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरती-ओहोटीचा, जोर अजून ओसरलेला नसतो, त्यामुळे पाणी भरपूर मागे गेलेलं असतं.

आठवडाभर पुढे ढकलू नका. पुढच्या शनिवारी सप्तमी-अष्टमी येईल. ते भांगाचं पाणी. त्या दिवसांत भरतीही थोडी आणि ओहोटीही थोडी. वेळ दुपारची, सोयीची दिसते, पण पाणी हटतच नाही. गुडघ्याच्या वर भिजत जावं लागतं किंवा चालत जाताच येत नाही. एक शनिवार पौर्णिमेचा असला की त्याच्या आगेमागचे शनिवार भांगातच पडतात. म्हणून सोमवार-मंगळवारची सुटी मिळत असेल तर रविवारी निघा, मंगळवारी सकाळी किल्ला करा आणि तिथूनच परत फिरा. रविवारी जाताना रस्ता मोकळा मिळेल. गर्दीची रांग त्या दिवशी उलट्या दिशेला, वडखळकडे लागलेली असते.

आता प्रत्यक्ष चालण्याबद्दल. पुळणीपासून दरवाज्यापर्यंत रमत गेलं तर वीस-पंचवीस मिनिटं. सुकतीच्या तासभर आधी निघायचं आणि सुकतीनंतर सव्वा-दीड तासाच्या आत पुन्हा किनाऱ्याला लागायचं. तृतीयेची सुकती सव्वाआठला धरली तर सव्वासातला पाऊल टाका, नऊ वाजता किल्ल्यातून बाहेर पडा. लोक अडकतात ते याच ठिकाणी. पाणी समोरून येताना दिसेल अशी त्यांची समजूत असते. ते दोन्ही बाजूंनी येतं आणि आधी सखल भाग भरतं. किल्ल्याजवळची वाळू कोरडी असते तेव्हाच मागची वाट पाण्याखाली जायला लागलेली असते. कोणी ‘अजून अर्धा तास आहे’ म्हणालं तर ऐकू नका.

पायात पट्ट्याच्या सँडल हव्यात. साधी चप्पल ओल्या वाळूत रुतून निघते. अनवाणी गेलात तर किल्ल्याजवळच्या खडपांवर कालवांच्या शिंपा पाय कापतात, आणि हिरवं शेवाळ दिसतंय तिथे पाऊल ठेवूच नये. आई-वडिलांसाठी घोडागाडी आहे, ती ओहोटीला थेट किल्ल्याजवळ नेते. जाण्या-येण्याचं भाडं एकत्र ठरवा आणि परतीची वेळ गाडीवाल्याला निघतानाच सांगून ठेवा.

---

पंचांगवाचक

तिथीचं गणित दिवस निवडायला उत्तम. पण पाण्यात पाय घालायला फक्त त्याच्यावर विसंबू नये.

एक तर तिथी मधेच संपते. पंचांगात सूर्योदयाची तिथी दिलेली असते, त्यामुळे अर्धा-पाऊण तासाचा फरक सहज पडतो. दुसरं म्हणजे भरती रोज सारख्याच मिनिटांनी पुढे जात नाही. उधाणाच्या दिवसांत ती चाळीसेक मिनिटांनी सरकते, भांगात तासाहून जास्त. गणितात मात्र रोज पंचेचाळीस मिनिटं धरलेली. म्हणून दिवस तिथीने ठरवा आणि मिनिटं मुंबईच्या अपोलो बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून घ्या. अलिबाग समोरच्या किनाऱ्यावर आहे, फरक किरकोळ पडतो.

तक्त्यात वेळेच्या शेजारी मीटरमध्ये उंची असते, तीही वाचा. दिवसाच्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, एकीत पाणी दुसरीपेक्षा बरंच खाली जातं. तुम्हाला हवी असलेली सकाळची ओहोटी त्या दोघींपैकी कोणती आहे हे उंचीवरूनच कळतं. आकडा जितका लहान, तितकी वाट जास्त कोरडी.

अजून एक. वद्य चतुर्थी म्हणजे संकष्टी. किल्ल्यात सिद्धिविनायकाचं मंदिर आहे आणि सुकती बरोबर नऊच्या सुमाराला, त्यामुळे त्या दिवशी दर्शनाला येणाऱ्यांची गर्दी असते. शांतपणे तटबंदी पाहायची असेल तर तृतीयाच बरी.

---

आगरकोट

तोफांचं आधी सांगतो, कारण ही चूक फार पसरली आहे. उत्तरेच्या तटावरच्या, लोखंडी गाड्यावर बसवलेल्या त्या दोन तोफा कान्होजींच्या नाहीत. वाकून तोफेवरची ओतीव अक्षरं वाचा: यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचं नाव आणि १८४९ साल. कान्होजी १७२९ मध्ये वारले आणि आंग्र्यांचं संस्थान इंग्रजांनी १८४० मध्ये खालसा केलं. म्हणजे ज्या इंग्रजांनी आणि पोर्तुगीजांनी १७२१ मध्ये एकत्र येऊन कुलाब्यावर हल्ला केला आणि हात हलवत परत गेले, त्याच इंग्रजांच्या तोफा सव्वाशेहून जास्त वर्षांनी या तटावर आल्या. मुलीला ते साल तिचं तिला शोधू द्या.

कान्होजींचं स्वतःचं काही पाहायचं असेल तर किल्ल्यातून परतल्यावर अलिबाग गावातल्या छत्रीबागेत त्यांची समाधी आहे. ती चुकवू नका. बहुतेक लोक त्याच रस्त्याने जातात आणि न थांबता पुढे जातात.

किल्ल्यात दरवाज्याजवळची भिंत हात लावून बघा. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये बांधकाम सुरू केलं आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं. प्रचंड मोठे चिरे एकावर एक नुसते रचले आहेत, मधे चुना नाही. लाट आदळली की पाणी फटींतून आत शिरतं आणि तसंच बाहेर निघून जातं, त्यामुळे भिंतीवर सगळा मार एकदम बसत नाही. चुन्याने सांधे बंद केले असते तर लाटेचा पूर्ण दणका भिंतीला सोसावा लागला असता. आत गोड्या पाण्याची पुष्करणी आहे, भोवती सगळं खारं पाणी असताना. शेजारचं गणेश पंचायतन राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलं.

रेवदंड्याला रविवारी दुपारनंतर जा. अलिबागहून नागाव, चौल असं साधारण १७-१८ किलोमीटर. वाटेत आक्षीला शिलाहारकाळातला गद्धेगाळ, म्हणजे दान मोडणाऱ्याला शाप कोरलेला दगड, आहे; शके ९३४ म्हणजे १०१२ असं त्याचं वाचन झालेलं आहे आणि मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. पाच मिनिटांचा थांबा पुरतो.

रेवदंड्यात ‘किल्ला कुठे आहे’ असं विचारू नका, कारण अख्खं गाव किल्ल्यातच आहे. गाडीरस्ताच तटातून आत शिरतो. १५१६ मध्ये पोर्तुगीजांनी इथे वखार घातली आणि १५२१ मध्ये कोट बांधायला घेतला. इथे सगळी जमीन सपाट आहे, आई-वडिलांना काही त्रास नाही. सातखणी मनोरा दुरूनच दिसेल. चर्चचे आणि मठांचे अवशेष नारळी-पोफळींच्या वाड्यांमध्ये लपलेले आहेत. वाड्या खासगी आहेत, आगळ सरकवून आत जाण्याआधी घरात हाक मारून विचारा. मनोऱ्याच्या बुडाशी फार वेळ उभं राहू नये, वरचे दगड सुटलेले आहेत. पोर्तुगीजांच्या भिंतीत चुना भरपूर दिसेल आणि दगड लहान. मंगळवारी कुलाबा पाहताना हे आठवून दोन्हींची तुलना करा.

समुद्राकडच्या तटावरून कुंडलिका नदीच्या मुखाकडे पाहा. मार्च १५०८ मध्ये इथेच इजिप्तचं आरमार आणि दीवचा सुभेदार मलिक अयाज याचं आरमार यांनी मिळून पोर्तुगीजांना हरवलं. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा याचं जहाज मासेमारीसाठी रोवलेल्या खुंटांत अडकलं आणि तो मारला गेला. नीट समजून घेतलं तर तोफांइतकाच हात त्या खुंटांचाही होता. खाडीच्या तोंडाशी पाण्याची ओढ आणि जाळ्यांचे खुंट ठाऊक नसतील तर मोठं जहाजही फसतं.

---

वाटसरू_पुणे

सोमवार-मंगळवारची सुटी मिळते आहे. म्हणजे रविवारी रेवदंडा, सोमवारी कोर्लई, मंगळवारी तृतीयेला कुलाबा. कोर्लई वडीलधाऱ्यांना जमेल का? आणि त्या गावात वेगळी भाषा बोलतात म्हणे?

---

आगरकोट

कोर्लईचा अर्धा भाग जमेल. रेवदंड्याहून पूल ओलांडून सहा-सात किलोमीटर. गावातून दीपगृहाकडे जाणारा रस्ता अरुंद आहे, एका बाजूला वस्ती आणि दुसरीकडे खाडी. लहान गाडी जाते, पण समोरून गाडी आली तर कोणीतरी मागे घ्यावी लागते. सकाळी लवकर गेलात तर ही अडचण कमी. वाटेत मासळी वाळत घातलेली असते, तिच्यावर चाक जाऊ देऊ नका.

दीपगृहापर्यंत गाडी पोचते. आई-वडिलांनी तिथेच थांबावं, समुद्र तिथूनही छान दिसतो. वर किल्ल्यात जायला दीपगृहामागून पायऱ्या आहेत, पंधरा-वीस मिनिटांची चढण. पायऱ्या झिजलेल्या, उंची कमीजास्त आणि सावली अजिबात नाही. नऊच्या आत वर पोचलात तर उन्हाचा त्रास नाही. किल्ला एका चिंचोळ्या डोंगरसोंडेवर लांबलचक पसरलेला आहे, एकामागून एक दरवाजे ओलांडत जायचं. वर छप्पर गेलेलं चर्च आहे आणि पाण्याचं टाकं. या डोंगरावर निजामशाहीने १५९४ मध्ये तटबंदी सुरू केली आणि त्याच वर्षी पोर्तुगीजांनी ती हल्ला करून घेतली. कारण वर उभं राहिलं की लगेच कळतं: एका बाजूला उघडा समुद्र, दुसऱ्या बाजूला कुंडलिकेचं मुख, पलीकडे रेवदंड्याचा तट. इथे तोफा बसल्या की चौलच्या बंदरात यायची एकही वाट मोकळी राहत नाही. मुलीला तटाच्या कडेला एकटी सोडू नका, कठडे बऱ्याच ठिकाणी पडले आहेत.

भाषेचं खरं आहे. पोर्तुगीज सैनिक आणि इथली ख्रिस्ती झालेली माणसं यांच्या मिश्रणातून ती तयार झाली. १७४० मध्ये चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आली, पोर्तुगीज गेले, भाषा मात्र घराघरांत राहिली. लोक तिला ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आमची भाषा’. बोलणारे हजाराच्या आसपास उरले आहेत. सगळ्यांना मराठी उत्तम येतं, मराठीतच बोला. ‘जरा बोलून दाखवा’ म्हणत फोन तोंडासमोर धरू नका. कोणाकडे नारळपाणी घेत बसलात आणि विचारलंत तर लोक आनंदाने सांगतात. गावात माउंट कार्मेल मातेचं चर्च आहे, प्रार्थना चालू असेल तर बाहेर थांबा.

---

दर्यासारंग

कार्यक्रम बरोबर बसला. आता मंगळवारचं तेवढं राहिलं. सोमवारी संध्याकाळी अलिबागच्या पुळणीवर एक फेरी मारा, पाणी कोणत्या बाजूने चढतं ते डोळ्यांखालून घाला आणि घोडागाडी तेव्हाच ठरवून ठेवा. सकाळी सातला पुळणीवर हजर राहा. मोबाइल आणि गाडीची किल्ली प्लास्टिकच्या पिशवीत. न्याहारी परतल्यावरच करा, जाण्याआधी हॉटेलात बसलात की हमखास अर्धा तास जातो.