व्हर्च्युअल बॅकअप सर्व्हरची डिस्क भरत आली आहे. जुने बॅकअप काढूनही जागा मोकळी होत नाही

अंधेरीकर (प्रश्न)

नमस्कार. अंधेरी पूर्वेला एमआयडीसीच्या भागात आमचे कार्यालय आहे आणि तिथल्या संगणकांची व्यवस्था माझ्याकडे आहे. एकाच प्रॉक्समॉक्स होस्टवर (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या मुख्य संगणकावर) हिशेबाचा विंडोज सर्व्हर, त्याचा डेटाबेस, फाइल सर्व्हर, कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग अशी काही व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने तयार केलेले संगणक) चालतात. प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर हेही त्याच होस्टवरचे एक व्हर्च्युअल मशीन आहे. होस्टमधल्या स्वतंत्र हार्ड डिस्कवर एलव्हीएमचा (लिनक्समधील डिस्क-व्यवस्थापनाचा) थिन पूल, म्हणजे लागेल तशी जागा देणारा साठा, आहे, त्यातून बॅकअप सर्व्हरला ४ टीबीची डिस्क दिलेली आहे आणि तिच्यावर ईएक्सटी४ फाइल सिस्टिम आहे.

ही डिस्क आता ९७ टक्के भरली आहे. रोजचे ३० बॅकअप ठेवण्याची मुदत मी १४ वर आणली आणि लगेच प्रून (मुदतीबाहेरचे बॅकअप यादीतून काढण्याचे काम) चालवले. यादीतले जुने बॅकअप गेले, परंतु वापरलेल्या जागेचा आकडा जवळजवळ तसाच राहिला. डेटास्टोअरच्या (बॅकअप साठवण्याच्या) फोल्डरमध्ये ‘चंक्स’ नावाचे एक लपवलेले फोल्डर दिसते. त्यात असंख्य लहान फाइली असून त्यांपैकी बऱ्याच दीड-दोन वर्षांपूर्वीच्या तारखेच्या आहेत. तीन महिन्यांपेक्षा जुन्या फाइली हाताने पुसल्या तर चालेल का? डिस्क वाढवणे हाच उपाय असेल, तर ती चालू अवस्थेत वाढवता येते का? शिवाय आमचा लेखा विभाग ‘आठ वर्षांचे सगळे बॅकअप ठेवलेच पाहिजेत’ असे म्हणतो, तेव्हा मुदत याहून कमी करावी की नाही, हेही कळेनासे झाले आहे.

रॅकमागचा

सर्वांत आधी एक विनंती: त्या फोल्डरमधली एकही फाइल हाताने पुसू नका.

प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर व्हर्च्युअल डिस्कचे ४ एमबीचे तुकडे करतो आणि एकसारखा मजकूर असलेला तुकडा एकदाच साठवतो. प्रत्येक बॅकअप म्हणजे प्रत्यक्षात कोणकोणते तुकडे जोडले की पूर्ण डिस्क तयार होते, त्याची अनुक्रमणिका असते. त्यामुळे फाइलीवरची दोन वर्षांपूर्वीची तारीख ‘हा तुकडा तेव्हा पहिल्यांदा लिहिला गेला’ एवढेच सांगते. तो आज लागतो की नाही, हे त्यावरून ठरत नाही. विंडोजच्या ज्या सिस्टिम फाइली दोन वर्षांत बदललेल्या नाहीत, त्यांचे तुकडे काल रात्रीच्या बॅकअपलाही तितकेच आवश्यक आहेत. ते पुसले तर केवळ जुनेच नव्हे, तर कालचेही बॅकअप रिस्टोअर होणार नाहीत. पुढच्या रात्रीचा बॅकअपही तो तुकडा सर्व्हरवर आहेच असे धरून चालण्याची शक्यता असते, म्हणजे व्हेरिफाय (बॅकअप शाबूत आहेत का याची तपासणी) चालवेपर्यंत हे कुणाच्या लक्षातही येणार नाही.

आता जागा का सुटली नाही ते पाहू. प्रून केवळ अनुक्रमणिका काढून टाकते. तुकडे काढण्याचे काम गार्बेज कलेक्शनचे आहे आणि ते दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात उरलेल्या सर्व अनुक्रमणिका वाचून वापरात असलेल्या प्रत्येक तुकड्याची ‘शेवटचा वापर’ ही वेळ अद्ययावत केली जाते. दुसऱ्या टप्प्यात ज्या तुकड्यांची ही वेळ २४ तास ५ मिनिटांपेक्षा जुनी आहे, तेवढेच पुसले जातात. लिनक्समधील फाइल सिस्टिम बहुधा ज्या पद्धतीने माउंट केलेल्या असतात, त्यात ही वेळ साधारण दिवसातून एकदाच बदलते, म्हणून ही सवलतीची मुदत ठेवलेली आहे. तुमचे गार्बेज कलेक्शन काल रात्री झाले असेल आणि आज सकाळी प्रून करून तुम्ही ते लगेच पुन्हा चालवले, तर निरुपयोगी झालेल्या तुकड्यांवरही कालची ताजी वेळ असते आणि त्यांना हात लावला जात नाही. कामाच्या लॉगमध्ये शेवटी ‘पेंडिंग रिमूव्हल्स’ (पुसायचे बाकी) अशी ओळ असते, ती पाहा. तिथे मोठा आकडा दिसत असेल तर उद्यापर्यंत थांबून गार्बेज कलेक्शन पुन्हा चालवणे एवढेच करायचे आहे. ते वेळापत्रकात लावलेलेच नाही, असेही अनेक ठिकाणी आढळते, तेही तपासा.

तोवर डिस्क १०० टक्के भरू देऊ नका, कारण सफाईलाही थोडी जागा लागते. झेडएफएससारख्या फाइल सिस्टिममध्ये तर पुसण्यासाठीसुद्धा आधी लिहावे लागते. आज रात्रीपुरते डेटाबेस आणि हिशेबाच्या मशीनचे बॅकअप चालू ठेवून बाकीचे थांबवले तरी चालेल. शिवाय ईएक्सटी४ मूळ मांडणीत ५ टक्के जागा रूट वापरकर्त्यासाठी राखून ठेवते. बॅकअपची सेवा ‘बॅकअप’ नावाच्या वेगळ्या वापरकर्त्याच्या अधिकारात चालते, म्हणून ती राखीव जागा तिला मिळत नाही. हे प्रमाण कोणी बदलले नसेल, तर ‘ट्यूनटूएफएस’ या कमांडने ते १ टक्क्यावर आणा, ४ टीबीच्या डिस्कवर साधारण १६० जीबी जागा ताबडतोब हाती येईल. ही निव्वळ सवड आहे, पण अशा वेळी एका रात्रीची सवडही पुरते.

ठाणे_लोकल

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे, परंतु तुमचा बॅकअप सर्व्हर व्हर्च्युअल असल्यामुळे आणखी एक थर तपासावा लागेल, आणि माझ्या मते अधिक धोका तिथेच आहे.

थिन पूलमध्ये मशीनला सांगितलेली जागा आणि प्रत्यक्ष दिलेली जागा या दोन वेगळ्या गोष्टी असतात. बॅकअप सर्व्हरच्या आत गार्बेज कलेक्शनने ६०० जीबी मोकळे केले, तरी होस्टला ते आपोआप कळत नाही. पूलच्या दृष्टीने ते ब्लॉक अजूनही वापरात असतात. त्यासाठी होस्टवर त्या व्हर्च्युअल डिस्कच्या पर्यायांमध्ये ‘डिस्कार्ड’ची (मोकळी झालेली जागा पूलला परत देण्याची) खूण केलेली असावी लागते आणि मशीनच्या आत मोकळे ब्लॉक कळवणारी ‘एफएसट्रिम’ ही कमांड चालावी लागते. खूण नंतर केली असेल तर मशीन एकदा पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावे, नुसते रीबूट करून भागत नाही.

डिस्क वाढवण्यापूर्वी होस्टवर ‘एलव्हीएस’ ही कमांड देऊन पूलच्या डेटाचे आणि मेटाडेटाचे (जागेच्या नोंदींचे) असे दोन्ही टक्के पाहा. बॅकअप सर्व्हरच्या आत ९७ टक्के भरणे ही अडचण आहे. पूल ९७ टक्के भरणे हे संकट आहे. पूल संपला की त्यात डिस्क असलेल्या प्रत्येक मशीनला लिहिताना एरर येऊ लागतात, आणि मेटाडेटा भरला तर पूल दुरुस्त करण्यात अख्खी रात्र जाऊ शकते. पूलमध्ये खरोखर जागा शिल्लक असेल, तर डिस्क चालू अवस्थेत वाढवता येते: होस्टवर आकार वाढवायचा, आत विभाजन असल्यास ते वाढवणारे ‘ग्रोपार्ट’ चालवायचे आणि मग फाइल सिस्टिम वाढवणारे ‘रिसाइझटूएफएस’. हिशेबाचे मशीन बंद ठेवण्याची आवश्यकता नाही.

आणखी एक गोष्ट पाहून घ्या. बॅकअपच्या कामात ‘सर्व मशीन’ असा पर्याय निवडलेला असेल, तर बॅकअप सर्व्हर स्वतःचाच बॅकअप स्वतःमध्ये घेत असतो. आधीच संकुचित झालेले तुकडे नव्याने तुकडे पाडून साठवल्यामुळे एकसारखे सापडत नाहीत आणि जागा झपाट्याने जाते. ते मशीन त्या कामातून वगळा.

अंधेरीकर

दोघांचेही मनापासून आभार. लॉगमध्ये ‘पेंडिंग’च्या ओळीत खरोखरच मोठा आकडा होता, दुसऱ्या दिवशी गार्बेज कलेक्शन झाल्यावर वापर ८४ टक्क्यांवर आला. डिस्कार्डची खूण नव्हती, ती केली आणि एफएसट्रिमनंतर पूलचा वापरही उतरला. बॅकअप सर्व्हर त्या कामातून आधीच वगळलेला होता.

तथापि रोजची वाढ मला अजूनही जास्त वाटते. मशीननिहाय पाहिले असता दोन मशीन बाकीच्यांपेक्षा फार पुढे आहेत. एक कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डिंगचे आणि दुसरे डेटाबेसचे. डेटाबेसच्या मशीनवर रोज रात्री डेटाबेसची प्रत काढून तिची झिप केली जाते आणि अशा ३० झिप तिथेच ठेवलेल्या असतात. डेटाबेस तर मोठा नाही, मग इतके नवे तुकडे कुठून येतात?

रॅकमागचा

त्या झिपमधूनच येतात. मूळ डेटाबेसमध्ये दिवसभरात थोडीच पाने (नोंदींचे गट) बदलत असतील, परंतु संकुचित फाइलीत सुरुवातीला झालेला एक लहानसा बदलही पुढचा सगळा मजकूर बदलून टाकतो. त्यामुळे कालची झिप आणि आजची झिप यांच्यात बॅकअप सर्व्हरला समान तुकडा जवळजवळ सापडतच नाही. प्रत झिप न करता ठेवा. तुकडे साठवताना सर्व्हर स्वतः झेडस्टँडर्ड पद्धतीने संकुचन करतोच. मशीनचा बॅकअप रोज होत असताना आत ३० प्रती ठेवण्याचेही कारण उरत नाही, शेवटच्या दोन-तीन पुरेशा आहेत. मोठी फाइल रोज नव्या जागी लिहिली गेली तर तुकड्यांच्या सीमा जुळतीलच असे नाही, म्हणून सगळी वाढ थांबेल अशी अपेक्षा ठेवू नका. मात्र फरक स्पष्ट दिसेल.

कॅमेऱ्यांच्या मशीनबाबत बचतीचा मार्गच नाही. रेकॉर्डिंग रोज नवे असते, ते आधीच संकुचित असते आणि जुन्यावर नवे लिहिले जाते, म्हणजे रोजचे सगळे तुकडे नवेच. रेकॉर्डिंगसाठी त्या मशीनला वेगळी व्हर्च्युअल डिस्क द्या आणि तिच्या पर्यायांमधली ‘बॅकअप’ची खूण काढा, मशीनची सिस्टिम डिस्क तेवढी बॅकअपमध्ये राहू द्या. एखाद्या घटनेचे चित्रण जपायचे असेल, तर तेवढी फाइल फाइल सर्व्हरवर उतरवून घ्यावी. प्रवेशद्वारावरची रिकामी लॉबी चौदा रात्री जपून ठेवण्यात कुणाचाच फायदा नाही.

विंडोजच्या मशीनमध्ये डीफ्रॅगमेंटेशन (फाइलींचे विखुरलेले भाग डिस्कवर एकत्र आणणे) वेळापत्रकात असेल, तर तेही पाहा. फाइली न बदलताही ब्लॉकची जागा बदलल्यामुळे नवे तुकडे तयार होतात. या मशीनच्या डिस्कवरही डिस्कार्ड लावल्यास पुसलेल्या फाइलींचा गाळ बॅकअपमध्ये येत नाही.

ताळेबंद

मी सनदी लेखापालांच्या कार्यालयात काम करतो, म्हणून आठ वर्षांच्या प्रश्नाबद्दल लिहितो.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२८ (५) नुसार हिशेबाची पुस्तके आणि संबंधित व्हाउचर्स आठ आर्थिक वर्षे जपावी लागतात. जीएसटीच्या नोंदींसाठी त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ही मुदत आहे. इलेक्ट्रॉनिक स्वरूपातल्या पुस्तकांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर ठेवावा, ही अट कंपनी (लेखे) नियमांत आधीपासून होती; ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीने तो ‘ठरावीक काळाने’ ऐवजी ‘दररोज’ घेणे बंधनकारक झाले. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संगणक प्रणालींचे लॉगही १८० दिवस ठेवायचे असतात.

यांपैकी कशातही संपूर्ण विंडोज सर्व्हरची रोजची प्रत आठ वर्षे ठेवा, असे म्हटलेले नाही. पुस्तके जपायची आहेत आणि ती पुढे वाचता आली पाहिजेत. लेखापरीक्षण पूर्ण झाल्यावर त्या वर्षाचा डेटा हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून वेगळा काढा, ऑडिट ट्रेलसह (कोणी काय बदलले याच्या नोंदीसह) ठेवा, सोबत त्या आवृत्तीचे इन्स्टॉलर ठेवा आणि दोन वेगळ्या ठिकाणी प्रती करा. आठ वर्षांपूर्वीची व्हर्च्युअल डिस्क उघडून लायसन्स संपलेले सॉफ्टवेअर सुरू करण्यापेक्षा हे लेखा विभागालाही सोपे जाते. त्यांच्याशी बोलताना ‘बॅकअप’ आणि ‘दप्तर’ असे दोन शब्द वापरून पाहा. दप्तर आठ वर्षांचे, बॅकअप कामापुरता.

ठाणे_लोकल

हे ठरले की मुदतीची मांडणी सोपी होते: रोजचे १४, आठवड्याचे ८ आणि महिन्याचे १२ बॅकअप बहुतेक कार्यालयांना पुरतात. वेळापत्रकात आधी बॅकअप, नंतर प्रून आणि त्यानंतर गार्बेज कलेक्शन असा क्रम ठेवा, आणि व्हेरिफाय आठवड्याच्या सुटीत लावा. डेटास्टोअर ८० टक्क्यांवर गेल्यास ईमेल येईल अशी सोय करा आणि होस्टवरच्या थिन पूलसाठी तशीच स्वतंत्र सोय करा, कारण बॅकअप सर्व्हरला पूलची स्थिती दिसत नाही.

मोकळ्या झालेल्या जागेपेक्षाही एक काम मी आधी उरकले असते. मूळ मशीन आणि बॅकअप एकाच होस्टमध्ये आहेत. त्या होस्टचा पॉवर सप्लाय जळाला किंवा तळमजल्यावर पाणी शिरले, तर दोन्ही एकदमच हातचे जातील. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस झाला होता, आणि तुमचे कार्यालय तिथून फार दूर नाही. एखाद्या जुन्या संगणकावर दुसरा बॅकअप सर्व्हर बसवून तो दुसऱ्या शाखेत ठेवा आणि सिंक (बॅकअपची प्रत आपोआप तिकडे जाण्याची सोय) लावा. नवे तुकडेच पाठवले जात असल्यामुळे कॅमेऱ्यांची डिस्क वगळल्यावर साध्या ब्रॉडबँडवरही रात्रीत ते उरकावे. पहिली प्रत मात्र तो संगणक कार्यालयातच जोडून करून घ्या आणि मगच हलवा.