फ्री स्कूलचा पहिला उन्हाळी मेळा: आधी काय काय करावं?

स्लाउकर: इंग्लंडमधली नवी फ्री स्कूल, म्हणजे सरकारी पैशावरची पण कौन्सिलच्या (स्थानिक पालिकेच्या) अखत्यारीबाहेरची. पालक संघही नवाच. जुलैत मेळा आहे: बिअर-वाइन, सोडत, वडापाव. परवाने कोणते लागतील?

हिशेबनीस: शाळा कौन्सिलची नसली तरी दारूसाठी 'टेम्पररी इव्हेंट नोटीस' कौन्सिललाच द्यायची. फी २१ पौंड. मध्ये कामाचे पूर्ण १० दिवस हवेत. नोटीस पोचल्याचा आणि मेळ्याचा दिवस त्यात धरत नाहीत. गाडी अडते ती इथेच. आणि एका वेळी ४९९ च्या वर माणसं नकोत, त्यात स्वयंसेवकही आले.

सोडतीची तिकिटं मेळ्यातच विका. आठवडाभर आधी मुलांच्या दप्तरातून घरी पाठवलीत, की कौन्सिलकडे लॉटरीची वेगळी नोंदणी लागते. जमलेल्या पैशातून बक्षिसांवर ५०० आणि आयोजनावर १०० पौंडांपर्यंतच खर्च करता येतो. दान आलेली बक्षिसं यात मोजत नाहीत, म्हणून आधी दुकानदारांकडे मागा.

खादाड: वडापावाचं खरं दुखणं ॲलर्जी. ॲलर्जीच्या सरकारी यादीत १४ पदार्थ आहेत. पावातला गहू आणि लसणाच्या चटणीतले शेंगदाणे-तीळ सगळ्यांना आठवतात; फोडणीतली मोहरी कुणालाच नाही, तीही यादीत आहे. हिंगाची डबी वाचा, बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. शाळेत शेंगदाण्याला बंदी असेल तर नुसती खोबऱ्याची चटणी करा.

भाजी आदल्या रात्री केलीत तर परातीत पसरून दोन तासांच्या आत गार करा, मग फ्रिजमध्ये. खोल पातेल्यात मधला गोळा कोमट राहतो आणि सकाळी आंबूस वास येतो.

स्लाउकर: हिंगाचं लक्षातच नव्हतं! नोटीस उद्याच पाठवतो.