स्वतः सुरू केलेल्या प्रोसेसला किल चालत नाही, कंट्रोल-सी मात्र चालते: लिनक्स कर्नेल परवानगी नेमकी कशी तपासतो?

प्रणालीवेध (प्रश्न)

नमस्कार. लिनक्समध्ये एका प्रोसेसने दुसरीला सिग्नल पाठवताना परवानगी कशी तपासली जाते, हे समजून घेण्यासाठी मी एक छोटा प्रयोग केला. त्याचा निकाल माझ्या समजुतीशी जुळला नाही, म्हणून येथे सविस्तर विचारत आहे.

सी भाषेत मी एक अगदी साधा प्रोग्राम लिहिला, जो आपले यूआयडी (वापरकर्त्याचे क्रमांक) छापतो आणि पॉज या सिस्टिम कॉलमध्ये सिग्नलची वाट पाहत थांबतो. त्या फाइलची मालकी रूटकडे (सर्वाधिकारी खात्याकडे, ज्याचा यूआयडी ०) दिली, तिच्यावर सेटयूआयडी बिट (प्रोग्राम फाइलीच्या मालकाच्या अधिकाराने चालवणारी खूण) लावला आणि माझ्या साध्या खात्यातून, म्हणजे यूआयडी १००० वरून, तो चालवला. प्रोक फाइलसिस्टिममधल्या स्टेटस फाइलीत यूआयडीच्या ओळीत १०००, ०, ०, ० असे चार आकडे दिसले. प्रोसेस रूटच्या अधिकाराने चालली आहे, तेव्हा माझ्या किलला नकार मिळेल, असे मी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात सिगटर्म (किलने पाठवलेला, संपण्यास सांगणारा सिग्नल) पोहोचला आणि प्रोसेस संपली.

नंतर त्याच प्रोग्रामच्या सुरुवातीला सेटयूआयडी(०) हा कॉल घातला. आता चारही आकडे ० झाले आणि या वेळी किलला ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ असे उत्तर आले. इफेक्टिव्ह यूआयडी दोन्ही वेळा ० च होता, मग निकाल वेगळा का? शिवाय हाच दुसरा प्रोग्राम टर्मिनलवर पुढे चालू असताना कंट्रोल-सी दाबले, तर तो लगेच संपतो. सुडोने (रूटच्या अधिकाराने आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामने) मागे टाकलेल्या स्लीपच्या बाबतीतही हेच दिसते: सुडोच्या प्रोसेसला माझ्या शेलमधून किल करता येत नाही. माझी कळ चालते आणि माझा किल चालत नाही, हे मला उलगडत नाही.

तळघर

तुम्ही दिलेल्या आकड्यांतच उत्तर आहे. चारांपैकी कोणता आकडा कोणत्या कामाचा, एवढे वेगळे करावे लागेल. ते अनुक्रमे रिअल, इफेक्टिव्ह, सेव्ह्ड (पुन्हा घेता यावा म्हणून जपून ठेवलेला) आणि फाइलसिस्टिम यूआयडी आहेत. किलचा नियम असा आहे की पाठवणाऱ्याचा रिअल किंवा इफेक्टिव्ह यूआयडी हा ज्याला सिग्नल पाठवायचा त्याच्या रिअल किंवा सेव्ह्ड यूआयडीशी जुळला पाहिजे. कर्नेलच्या सिग्नल.सी या फाइलीत किल_ओके_बाय_क्रेड नावाचे छोटेसे फंक्शन आहे. त्यात या चार तुलना एकामागून एक लिहिल्या आहेत आणि चारही चुकल्या तर शेवटी पाठवणाऱ्याकडे कॅप_किल ही, यूआयडी न जुळताही सिग्नल पाठवू देणारी, क्षमता आहे का, एवढे पाहिले जाते. घेणाऱ्याचा इफेक्टिव्ह यूआयडी या तुलनेत कुठेच येत नाही. पहिल्या प्रयोगात घेणाऱ्याचा रिअल यूआयडी १००० होता, म्हणून तुम्ही पात्र ठरलात; दुसऱ्यात त्याचा रिअलही ० आणि सेव्ह्डही ० झाला, म्हणून जुळण्यासारखे काही उरले नाही.

हा नियम मला विचारपूर्वक केलेला वाटतो. इफेक्टिव्ह यूआयडी म्हणजे प्रोसेसने त्या क्षणी धारण केलेला अधिकार, तर रिअल यूआयडी म्हणजे ती कोणी सुरू केली याची नोंद. मी सुरू केलेले काम थांबवण्याचा हक्क, त्या कामाने मध्येच मोठा अधिकार घेतला म्हणून, माझ्याकडून जाऊ नये. ज्या प्रोग्रामला हे नाते तोडायचे असेल, त्याने सेटयूआयडी(०) करून आपण पूर्णपणे रूटचे झालो असे कर्नेलला सांगावे. सुडो स्वतःपुरते नेमके हेच करतो.

या नियमाची दुसरी बाजू सेटयूआयडी प्रोग्राम लिहिणाऱ्याने कायम ध्यानात ठेवावी. नाते तोडले नसेल, तर वापरकर्ता तुमचा प्रोग्राम कोणत्याही दोन सूचनांच्या मध्ये सिगकिलने संपवू शकतो किंवा सिगस्टॉपने हवा तितका वेळ गोठवू शकतो, आणि हे दोन्ही सिग्नल अडवता येत नाहीत. म्हणून महत्त्वाची फाइल जागच्या जागी बदलू नये. नवी फाइल पूर्ण लिहावी, ती डिस्कवर उतरल्याची खात्री करावी आणि मगच रिनेमने जुन्या नावावर आणावी. शिवाय एक्झेकनंतर (प्रोसेसने नवा प्रोग्राम चालवायला घेतल्यावर) सिग्नलचे हँडलर (सिग्नल आल्यावर चालणारी फंक्शने) पूर्ववत होत असले, तरी दुर्लक्षित ठेवलेले सिग्नल दुर्लक्षितच राहतात आणि ब्लॉक केलेल्यांचा मास्कही (यादीही) जसाच्या तसा वारशाने येतो, तेव्हा सुरुवातीलाच आपल्याला हवी ती स्थिती स्वतः लावून घ्यावी.

आता कंट्रोल-सी. ती कळ दाबल्यावर सिग्नल तुम्ही पाठवत नाही. टर्मिनलची लाइन डिसिप्लिन, म्हणजे कर्नेलचाच एक भाग, पुढे चालू असलेल्या प्रोसेस ग्रुपला सिगइंट (काम थांबवण्याचा सिग्नल) पाठवतो. परवानगी तपासणारे चेक_किल_परमिशन हे फंक्शन सिग्नल वापरकर्त्याच्या प्रोसेसकडून आला आहे का, हे आधीच पाहते आणि तसा नसेल तर यूआयडीची तुलना न करता होकार देते. त्या टर्मिनलवर टंकणारा माणूसच त्या कामाचा धनी आहे, असे येथे मानलेले आहे. सुडोच्या १.९.१४ या आवृत्तीपासून आज्ञा स्वतंत्र स्यूडो-टर्मिनलवर चालवणे हा मूळ पर्याय झाला आहे. तेथे तुमचे टर्मिनल रॉ स्थितीत (कळांचा अर्थ न लावता त्या पुढे देण्याच्या) जाते, कंट्रोल-सी हे अक्षर आतल्या टर्मिनलकडे पोहोचते आणि सिग्नल तेथून निघतो. वाट लांबली तरी पाठवणारा कर्नेलच असतो.

सिगइंटसाठी एसए_सिगइन्फो लावून हँडलर लिहा आणि एसआय_कोड (सिग्नल कोठून आला हे सांगणारा आकडा) छापून पाहा, म्हणजे हा फरक डोळ्यांना दिसेल.

प्रणालीवेध

आता पहिला भाग नीट लक्षात आला. यातूनच एक व्यवहारातला प्रश्न निघतो. आमच्याकडे रूट म्हणून चालणारी एक सेवा आहे. वापरकर्त्याची फाइल वाचण्यापुरती ती सेटईयूआयडी(१०००) करते, म्हणजे फक्त इफेक्टिव्ह यूआयडी बदलते, काम झाले की परत ० वर येते. त्या मधल्या काळात यूआयडी १००० असलेला कोणीही तिला सिगकिल पाठवू शकेल का?

जुनी पाटी

आज नाही, पण एके काळी खरोखरच पाठवू शकला असता, आणि तुम्ही पाहिलेल्या ओळीतला चौथा आकडा त्याच अडचणीतून जन्माला आला आहे.

लिनक्स १.० पासून १.२.२ पर्यंत नियम असा होता की दोघांचे इफेक्टिव्ह यूआयडी सारखे असले किंवा दोघांचे रिअल यूआयडी सारखे असले, तर सिग्नल जाई. १.२.३ पासून १.३.७७ पर्यंत पाठवणाऱ्याचा इफेक्टिव्ह यूआयडी घेणाऱ्याच्या रिअल किंवा इफेक्टिव्हशी जुळला की पुरे होते. दोन्ही नियमांत घेणाऱ्याचा इफेक्टिव्ह यूआयडी धरला जात असे. त्या काळी एनएफएस (नेटवर्कवरून फाइली पुरवणारा) सर्व्हर यूजर स्पेसमध्ये, म्हणजे कर्नेलबाहेर, चाले. त्याला प्रत्येक ग्राहकाच्या वतीने फाइल उघडावी लागे आणि परवानगीची तपासणी त्या ग्राहकाच्या नावाने व्हावी म्हणून इफेक्टिव्ह यूआयडी बदलावा, तर तेवढ्या काळात तोच यूआयडी असलेली कोणतीही प्रोसेस सर्व्हरला मारू शके. यावर उपाय म्हणून फक्त फाइलींच्या तपासणीपुरता वेगळा यूआयडी काढण्यात आला. तोच फाइलसिस्टिम यूआयडी आणि तो बदलणारा कॉल सेटएफएसयूआयडी.

पुढे १.३.७८ मध्ये पॉझिक्सशी (युनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकाशी) सुसंगत असा आजचा नियम आला आणि ही निकड संपली. त्यामुळे नव्या प्रोग्रामला सेटएफएसयूआयडीची गरज नाही. कर्नेल मात्र फाइलींची तपासणी अजूनही त्याच आकड्यावर करतो. इफेक्टिव्ह बदलला की तो मागोमाग बदलतो, म्हणून एरवी तो आपल्या नजरेस येत नाही.

तुमच्या सेवेत सेटईयूआयडी(१०००) झाल्यावर आकडे ०, १०००, ०, १००० असे होतात. रिअल आणि सेव्ह्ड दोन्ही ० असल्यामुळे यूआयडी १००० ला नकारच मिळेल. मात्र कोणी त्या ठिकाणी रिअल, इफेक्टिव्ह व सेव्ह्ड तिन्ही एकदम लावणारा सेटरेसयूआयडी(१०००, १०००, ०) लिहिला असेल, तर सेव्ह्ड ० मुळे सेवेला रूटकडे परतता येते, पण रिअल १००० झाल्यामुळे तिला मारण्याचा हक्क त्या वापरकर्त्याला मिळतो. दोन्ही प्रकारे फाइल तितक्याच व्यवस्थित वाचली जाते, त्यामुळे चाचणीत हा फरक सापडत नाही. तुमचा कोड या नजरेने एकदा अवश्य तपासा.

तळघर

वरच्या उत्तराला दोन गोष्टी जोडतो, कारण ही सेवा अनेक थ्रेडची (एकाच प्रोसेसमध्ये समांतर चालणाऱ्या धाग्यांची) असेल तर त्या महत्त्वाच्या ठरतील.

मार्च २००९ मध्ये आलेल्या लिनक्स २.६.२९ पासून ही सारी ओळख स्ट्रक्ट क्रेड या वेगळ्या रचनेत ठेवली जाते; हे काम डेव्हिड हॉवेल्स यांचे. एकदा लागू झालेली रचना जागेवर बदलत नाहीत. तिची प्रत काढून, प्रतीत बदल करून, ती जुनीच्या जागी बसवतात, म्हणजे दुसऱ्या प्रोसेसची ओळख वाचणाऱ्याला अर्धवट बदललेले आकडे कधी दिसत नाहीत. परंतु कर्नेलच्या दृष्टीने ही ओळख प्रत्येक थ्रेडची स्वतंत्र असते, आणि पॉझिक्सला ती साऱ्या प्रोसेसची एकच हवी असते. ही दरी जीलिबसी (सी भाषेची मूलभूत लायब्ररी) भरून काढते आणि त्यासाठी ती सिग्नलच वापरते: एका थ्रेडने सेटयूआयडी बोलावले की लायब्ररी बाकीच्या प्रत्येक थ्रेडला ३३ क्रमांकाचा सिग्नल पाठवते आणि त्याच्या हँडलरमध्ये प्रत्येक थ्रेड तोच सिस्टिम कॉल स्वतःपुरता करतो. बॅशमध्ये किल -एल दिल्यावर यादी ३१ वरून एकदम ३४ वर जाते, कारण ३२ आणि ३३ लायब्ररीने स्वतःकडे राखून ठेवले आहेत. गो किंवा तत्सम भाषेतून थेट सिस्टिम कॉल केला, तर ही यंत्रणा बाजूला पडते आणि एकाच प्रोसेसचे थ्रेड वेगवेगळ्या यूआयडीने चालू राहू शकतात.

अशा संक्रमणाच्या क्षणी एका थ्रेडने दुसऱ्याला पाठवलेला सिग्नलच नाकारला जाण्याची अडचण साम्बा या फाइल-सर्व्हर प्रकल्पाचे अँड्र्यू ट्रिजेल यांनी निदर्शनास आणली होती. असिंक्रोनस वाचन पूर्ण झाल्याची मदतनीस थ्रेडची सूचना सेटरेसयूआयडीच्या गडबडीत हरवत असे. २०१० मध्ये ती दुरुस्त झाली आणि तेव्हापासून एकाच थ्रेड ग्रुपमध्ये यूआयडीची तुलनाच केली जात नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. परवानगी सिग्नल पाठवताना पाहिली जाते, पोहोचताना नाही. ब्लॉक असलेला सिग्नल आधी आला आणि नंतर प्रोसेसने यूआयडी बदलला किंवा सेटयूआयडी प्रोग्राम एक्झेक केला, तरी तो सिग्नल प्रलंबित राहतो आणि मास्क उघडताच हातात पडतो. काही ठिकाणी कर्नेल यावर मुद्दाम पहारा ठेवतो. पालक प्रोसेस संपल्यावर मिळणारा सिग्नल पीआरसीटीएल या कॉलने मागून ठेवला असेल, तर इफेक्टिव्ह यूआयडी बदलताच ती मागणी पुसली जाते, आणि तुमच्या सेवेतला एखादा थ्रेड त्या मागणीवर विसंबून असेल तर सेटईयूआयडीनंतर ती पुन्हा करावी लागेल. तसेच अपत्य प्रोसेस संपताना पालकाला मनाजोगा सिग्नल पाठवू शकते, परंतु दरम्यान पालकाने एक्झेक केले असेल तर त्याऐवजी सिगचाइल्ड (अपत्य संपल्याचा नेहमीचा सिग्नल) हाच जातो. हे ओळखणारा मोजक ३२ बिटांचा होता आणि एक्झेकची संख्या पुरेशी वाढवली तर तो फिरून जुन्या आकड्यावर येऊ शके. २०२० मध्ये ५.६.५ आवृत्तीत तो ६४ बिटांचा करण्यात आला.

प्रणालीवेध

हँडलर लिहून पाहिला. माझ्या दुसऱ्या टर्मिनलवरून किल -इंट दिल्यावर एसआय_कोड ० आणि पाठवणाऱ्याचा यूआयडी १००० छापला गेला. कंट्रोल-सी दाबल्यावर एसआय_कोड १२८ आला आणि पाठवणाऱ्याचा पीआयडी व यूआयडी दोन्ही ०. सेवेच्या कोडमध्ये एका ठिकाणी सेटरेसयूआयडी(१०००, १०००, ०) खरोखरच सापडले. ते काढून सेटईयूआयडी घातले आहे, आणि त्या मधल्या अवस्थेत सेवा थांबवून धरून यूआयडी १००० वरून सिग्नल ० पाठवून पाहिला, कारण त्याने काही न मारता नुसती परवानगी तपासली जाते. जुन्या कोडवर तो होकार देत होता, नव्यावर नकार येतो आहे.