मुद्दाम तळाला कशाला जायचं?
काही जण म्हणतात की एनएचएलमध्ये (उत्तर अमेरिकेची आइस हॉकी लीग) रीबिल्ड चालू असलेल्या, म्हणजे नव्या पोरांना घेऊन परत उभं राहू पाहणाऱ्या टीमने प्लेऑफचा (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांचा) नाद सोडावा, सरळ तळाला जावं म्हणजे ड्राफ्टमध्ये, टीम नवे तरुण खेळाडू निवडतात तिथे, पहिला पिक (पहिली निवड) मिळेल, पण मिळेलच असं कुठंय हो? डेट्रॉइटचं बघा ना, २०१९-२० ला ७१ पैकी १७ मॅच जिंकले, अख्ख्या लीगमध्ये शेवटचे, आणि लॉटरीत (पहिला पिक कुणाला ते सोडतीने ठरतं) ढकलले गेले चौथ्या नंबरवर (लुकास रेमंड चांगला निघाला ते त्यांच्या स्काउट लोकांचं कौतुक). २०१५ ला बफेलो तळाला, पण त्या ड्राफ्टमधला सगळ्यात मोठा खेळाडू मॅकडेव्हिड गेला एडमंटनला. आणि त्या एडमंटनने २०१०, ११, १२ असे सलग तीन पहिले पिक घेऊनही प्लेऑफ पाहिली ती २०१७ लाच!

मला मॉन्ट्रियालचं पटतं. २०२२ ला पहिल्या पिकवर स्लाफकोव्स्की घेतला, दोन सीझन मार खाल्ला, पण २०२५ च्या डेडलाइनला (खेळाडूंच्या अदलाबदलीची शेवटची तारीख) आपल्या जेक इव्हान्सला विकलं नाही, ठेवला, आणि पार शेवटच्या मॅचला प्लेऑफ गाठली. वॉशिंग्टनकडून पाच मॅचमध्ये हरले, हरू देत, सुझुकी, हटसन ह्या पोरांना एप्रिलचं, म्हणजे प्लेऑफचं खरं हॉकी खेळायला मिळालं, ते कुठल्या ड्राफ्टमध्ये मिळतं? फक्त त्यासाठी पहिल्या राउंडचे पिक देऊन तिशी ओलांडलेले खेळाडू आणू नयेत, एवढं पाळलं तर मी कायम प्लेऑफच्या बाजूने.