अब्रुत्सो सायकल: तिसऱ्या दिवसाचा रस्ता शुक्रवारच्या आत ठरवा

प्रेषक: नाना (हॅरो)

मंडळी,

इटलीतल्या आपल्या अब्रुत्सोच्या सायकल सहलीत तिसऱ्या दिवशीचा मुक्काम कास्तेल देल मोंते गावात आहे, तिथल्या खोल्यांचे पैसे शुक्रवारी भरायचे आहेत. मुक्कामाबद्दल वाद नाही, तिथे पोचायच्या रस्त्याबद्दल आहे. परवाच्या फोनवर निम्मे एकीकडे, निम्मे दुसरीकडे, आणि दोघं मधेच उठून गेले.

रस्ता अ: लाक्विला, आस्सेर्जी, फोंते चेर्रेतो, मग काम्पो इम्पेरातोरेचं अख्खं पठार ओलांडून कास्तेल देल मोंते.
रस्ता आ: लाक्विला, बारिशानो, सांतो स्तेफानो, कालाशो, कास्तेल देल मोंते.

माझं मत अ. लाक्विला साधारण ७०० मीटरवर आणि पठार १८०० च्या आसपास, म्हणजे चढ आहे हे मान्य. पण आपण जातोय ते शांत रस्त्यांसाठी. उजवीकडे रिकामं माळरान, डावीकडे २९१२ मीटरचं कोर्नो ग्रांदे शिखर, हे सोडून हमरस्त्याने का जायचं?

कृपया फक्त तिसऱ्या दिवसाबद्दल लिहा.

नाना

---

प्रेषक: भाऊ (स्लाउ)

नाना, कुत्र्यांचं काय? होळीच्या जेवणात मी हेच विचारलं होतं आणि विषय पुरणपोळीवर गेला.

पठारावर उन्हाळाभर मेंढरं असतात आणि त्यांच्याबरोबर ते पांढरे अब्रुत्सी राखणदार कुत्रे. लांडगे अंगावर घेणारी जात आहे ती. आपल्यात तिघीजणी कुत्र्यांना मनापासून घाबरतात, त्यांना आपण काय सांगणार आहोत? माझं मत आ.

भाऊ

---

प्रेषक: अक्का (रेडिंग)

> लांडगे अंगावर घेणारी जात आहे ती

म्हणूनच ती आपल्यामागे धावत सुटत नाही, भाऊ. त्या कुत्र्याचं लक्ष कळपावर असतं. कळप आणि तो यांच्या मधे काही वेगाने आलं की तो भुंकत येतो. आम्ही त्या बाजूला पायी फिरलो आहोत, मेंढपाळांनी सांगितलेलं तसंच लिहिते: लांबून कळप दिसला की सायकलवरून उतरायचं. सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मधे धरायची. हळू चालायचं, ओरडायचं नाही, दगड उचलायचा नाही, डोळ्याला डोळा भिडवायचा नाही. कळपातून वाट काढायची नाही. रस्त्यावरच मेंढरं असतील तर थांबायचं, मेंढपाळ हाक मारतो. पाच-दहा मिनिटं जातात. आणि बिस्किटं अजिबात टाकायची नाहीत, मग तो मागून येणाऱ्या प्रत्येकाला अडवतो.

माझं माहेर फलटणकडचं. आमच्याकडचे धनगर पावसाळा सरला की मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात जायचे, आणि इथले मेंढपाळ थंडीपूर्वी लाक्विलाहून फोज्ज्यापर्यंत, २४४ किलोमीटरच्या जुन्या वाटेने. ‘त्रात्तुरो’ म्हणतात तिला. २०१९ मध्ये युनेस्कोने हे मेंढरांचं स्थलांतर वारशाच्या यादीत घेतलं. आता बहुतेक कळप ट्रकने जातात, पण उन्हाळ्यात त्या पठारावर अजून चरतात. ते बघायला मिळणं हेच मला या सहलीतलं सगळ्यात मोठं वाटतं. तिघींबरोबर मी स्वतः चालेन.

अक्का

---

प्रेषक: खजिनदार

कुत्र्यांचं झालं असेल तर ट्रकचं बोलू.

रस्ता आ सुरक्षित आहे असं त्या बाजूचे धरून चालले आहेत. बारिशानोपर्यंत तो एसएस १७ हा हमरस्ता आहे. आपले बाकीचे रस्ते मोकळे का आहेत? कारण ए२४ आणि ए२५ या टोलच्या मोटरवेंनी लांबची वाहनं उचलली. पहिल्या दिवशीचा फोर्का कारुसोचा घाट म्हणजे रोमकडून येणारा जुना तिबुर्तिना-वालेरिया रस्ता, ए२५ आल्यावर तो रिकामा झाला. ग्रान सास्सो डोंगराखालचा दहा किलोमीटरचा बोगदा १९८४ मध्ये उघडला तेव्हा कापान्नेल्ले खिंडीच्या रस्त्याचंही तेच झालं. पण लाक्विला ते पोपोली सरळ मोटरवे नाही, म्हणून ती सगळी वाहतूक एसएस १७ वरच येते. शिवाय लाक्विलाच्या पूर्वेला बाझ्झानोचा औद्योगिक भाग आहे, सकाळी तिथून बाहेर पडताना आपण ट्रकांच्या रांगेत.

कुत्रा थांबलं की थांबतो. ट्रक थांबत नाही. मी अ च्या बाजूने.

आपल्या मदतीला मागून येणाऱ्या गाडीचा खर्च मात्र मंडळाच्या खात्यातून होणार नाही, हे कार्यकारिणीत ठरलं आहे. सायकल गटाने आपापसात वाटून घ्यावा.

---

प्रेषक: ताई (सचिव)

खर्चाचा विषय निघालाच आहे म्हणून. सायकल गटाच्या तारखा कुणी ठरवल्या? सप्टेंबरमध्ये गणपती आहेत, हॉल वर्षभर आधी बुक असतो. मखराचं काम करणारे चौघे तुमच्या यादीत आहेत. ऑगस्टच्या मध्याला इटलीत फेर्रागोस्तोची सुट्टी आणि गर्दी, हे मला कळतं. मग जून घ्या. पण मूर्ती आणायच्या आठवड्यात माणसं नेऊ नका. याद्या, तारखा कार्यकारिणीकडे आधी यायला हव्यात, हे पूर्वीही बोलणं झालं आहे.

ताई

---

प्रेषक: माई (क्रॉयडन)

जून मला चालेल. तेव्हा दिवस मोठा, आणि पठारावर फुलं असतात. वरचा रस्ता हिवाळ्यात बर्फाने बंद असतो, तेवढा उघडल्याची खात्री करून घ्या.

माझा प्रश्न वेगळा आहे. गुडघ्यामुळे मी बॅटरीच्या सायकलवर येणार. ती बॅटरी विमानात घेत नाहीत, सामानातही नाही आणि हातातही नाही. पेस्काराला भाड्याने बघायला हवी. दुसरी बॅटरी मिळणार नसेल तर ११०० मीटर चढून वर पठारही ओलांडणं मला जमेल का? मला मागे राहून कुणाचा दिवस खराब करायचा नाही, पण वरून बघायचंही आहे.

माई

---

प्रेषक: धाकटा (ब्रिस्टल)

वर जातोच आहोत तर पठाराच्या तोंडाशी डावीकडे वळून काम्पो इम्पेरातोरेच्या हॉटेलपर्यंत जाऊ या. २१३० मीटर. जिरो या इटलीच्या मोठ्या सायकल शर्यतीचा टप्पा कधी कधी तिथे संपतो, १९९९ ला पांतानी जिंकला, २०१८ ला सायमन येट्स. आणि १९४३ च्या सप्टेंबरमध्ये मुसोलिनीला कैदेतून जर्मनांनी उचललं ते याच हॉटेलातून. जाऊन-येऊन फार तर दीड तास.

---

प्रेषक: भाऊ (स्लाउ)

> जाऊन-येऊन फार तर दीड तास

तुझ्यासाठी. दुपारनंतर तिथे ढग भरून येतात, विजा होतात, आणि पठारावर आडोशाला झाड नाही. दीड तास आपल्याकडे नसतो.

अक्कांचं पत्र घरी वाचून दाखवलं. तिघींपैकी दोघी तयार आहेत. खजिनदारांचं एसएस १७ बद्दलचं मी धरलं नव्हतं, तो मुद्दा पटला. तरी सगळ्यांना एकाच दावणीला बांधू नका.

भाऊ

---

प्रेषक: अक्का (रेडिंग)

माई, तुमच्यासाठी मधला मार्ग आहे आणि तो कुणी लिहिलाच नाही. फोंते चेर्रेतोवरून वर चढलं की पठारावर थोडं पूर्वेला राकोल्लोचं तळं लागतं. तिथून दक्षिणेला एक छोटा रस्ता थेट सांतो स्तेफानोत उतरतो. म्हणजे पठार बघून होतं, एसएस १७ टळतो, आणि पुढचा उघड्या वाऱ्यातला भागही टळतो. हवा बिघडली तर सगळ्यांनीच तिथून उतरायचं. सांतो स्तेफानो साडेबाराशे मीटरवर, पुढे कालाशोवरून कास्तेल देल मोंतेपर्यंत चढ-उतार आहेत, पण घाट नाही. गावात जेवताना बॅटरी भरायला लावा.

जेवण एक वाजता. त्यानंतर वाण्याचं दुकान चार-साडेचारपर्यंत उघडत नाही, २००९ च्या भूकंपानंतर आणि त्याआधीच्या स्थलांतरानंतर या गावांत कायम राहणारी माणसंच थोडी आहेत. शाकाहारींनी तिथली मसुराची आमटी मागवताना ‘सेंत्सा कार्ने’ सांगायचं, नाहीतर डुकराच्या गालाचा तुकडा पडतो. अंडं चालणाऱ्यांना पाल्लोत्ते, चीज आणि अंड्याचे गोळे टोमॅटोच्या रश्श्यात, पोटभर होतात.

अक्का

---

प्रेषक: नाना (हॅरो)

अक्कांचा रस्ता मला पटला. असं करू: सगळे फोंते चेर्रेतोवरून वर. तिथे पाणी भरायचं, वर भरवसा नाही. राकोल्लोच्या फाट्यावर सगळे जमतील, माझ्या घड्याळात साडेअकरानंतर पोचलेला कुणीही सरळ जाणार नाही, धाकटाही नाही. हवा चांगली असेल तर ज्यांना झेपेल ते पठार ओलांडतील, बाकीचे माई आणि अक्कांबरोबर सांतो स्तेफानोला. हॉटेलचा फाटा या वेळी नाही.

गावाबाहेर एकामागोमाग एक चालवायचं, जोडीने नाही, तिथला कायदाच आहे. बोगद्यात आणि अंधारात चमकणारं जाकीट सक्तीचं, प्रत्येकाने स्वतःचं आणायचं.

ताई, जूनचा पहिला की दुसरा आठवडा, ते कार्यकारिणीने बुधवारपर्यंत कळवावं. मखराचे चौघे तुमच्याकडेच राहतील.

नाना

---

प्रेषक: ताई (सचिव)

दुसरा आठवडा चालेल. पहिल्या आठवड्यात मराठी शाळेची परीक्षा आहे.

---

प्रेषक: खजिनदार

दुसरा आठवडा असेल तर भारतीय पासपोर्टवाल्यांनी शेंगेन व्हिसाची वेळ आजच बघावी, मे महिन्यात मिळत नाही. खोल्यांचे पैसे गुरुवार रात्रीपर्यंत नानांच्या खात्यात, माझ्या नाही.

---

प्रेषक: भाऊ (स्लाउ)

तिसरीही येते म्हणाली, अक्कांच्या गटात. तिची सायकल रेसिंगची आहे, मागचं सगळ्यात मोठं दातेरी चक्र २८ दात्यांचंच. त्या चढाला ३४ चं हवं. कुणाकडे जास्तीची कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांचा संच, पडून आहे का? रविवारी हॅरोला येऊन बसवून घेतो.

भाऊ